फिकट जांभळे, माप पाच

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी जंगमांच्या घरच्या पत्त्यावर एक ईमेल आला. सव्वासातच्या आत स्नेहल जंगमनं त्यातल्या पाचही प्रश्नांची उत्तरं देऊन टाकली होती.

घटना एवढीच. दुपारपर्यंत कऱ्हाड तालुक्यात आणखी काही शे घरांनी हेच केलं. त्या घरांची चूक समजण्यासारखी होती. स्नेहलची नव्हती, कारण असले ईमेल ओळखणं हेच तिचं काम होतं आणि त्या कामात तालुक्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ईमेल 'मांडणी स्टोअर्स' या दुकानाच्या नावानं होता आणि तिच्या नवऱ्याला, अभिजितला उद्देशून होता. जंगमांच्या घरी टपालासाठी एकच पत्ता होता, अभिजितच्या नावाचा. तो उघडायची मात्र स्नेहल. अभिजितनं गेल्या कित्येक महिन्यांत त्यातलं एक पत्रही वाचलं नव्हतं.

'अभिजितजी, गेल्या आठवड्यात आपण आमच्या दुकानातून महिलांचे चालण्याचे बूट घेतलेत. रंग फिकट जांभळा, माप पाच. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. पाच छोटे प्रश्न आणि आपल्यासाठी एक भेटवस्तू. मुदत आज संध्याकाळपर्यंत.'

स्नेहलचं माप सात होतं.

अभिजित तेव्हा घरी नव्हता. दर रविवारी तो आगाशिवच्या डोंगरावर चढायला जायचा. पाच-सहा जणांचा गट होता. स्नेहलचा गुडघा दुखायचा, म्हणून ती जात नसे. गटात मीनल शेटे होती. अभिजित आणि ती कॉलेजात एका वर्गात होते.

मीनलचे पाय लहान होते. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा घरी आली, तेव्हा तिनं दाराशी काढलेल्या चपला स्नेहलनं पायानं जरा बाजूला सरकवल्या होत्या. शाळकरी पोरीच्या असाव्यात तेवढ्याच. त्या दिवशी टिपलेलं ते माप आजवर कशाला उपयोगी पडलं नव्हतं. आज पडलं.

'बूट पायाला नीट बसले का?' स्नेहलनं 'हो'वर अंगठा ठेवला. 'रंग आवडला का?' हो. 'खरेदी कुणासाठी होती? पत्नी, मुलगी, बहीण, इतर.' 'इतर' हा शब्द नीट वाचून व्हायच्या आधीच तिचा अंगठा तिथं पोचला होता. ज्यांच्यासाठी घेतले त्यांनी ते वापरायला सुरुवात केली का, हा चौथा प्रश्न. आणि पाचवा: बिलाची प्रत पाहायची आहे का? असल्यास घरच्या खात्याचा गुप्त क्रमांक भरा.

भेटवस्तूकडं तिनं पाहिलंही नाही. तिला बिल हवं होतं. तिनं क्रमांक भरला.

पडद्यावर फुलांचा गुच्छ उमलला. 'धन्यवाद! तपशील लवकरच.'

बिल आलं नाही.

*

'चाहूल' ही सरकारी पहाऱ्याची यंत्रणा सुरू होऊन तेव्हा चौथं वर्ष चाललं होतं. त्याआधी फसवे ईमेल यंत्रं पकडायची, आणि शब्दांवरून पकडायची. एकच मजकूर लाखभर लोकांना जायचा. त्यातली अशुद्ध वाक्यं, दुकानाच्या पत्त्यात घुसवलेलं एखादं जास्तीचं अक्षर यंत्राला ओळखू यायचं. पुढं ठगांच्या हातीही लिहिणारी यंत्रं आली. ती ज्याला त्याला वेगळं पत्र लिहू लागली, शुद्ध, आणि ज्याच्या त्याच्या बोलीत. लाख माणसं, लाख मजकूर. शब्दांत पकडण्यासारखं काही उरलंच नाही. त्यातही दुकानांच्या नावानं येणाऱ्या सर्वेक्षणांचा सुळसुळाट झाला. पैसे मागितले की माणूस सावध होतो, मत विचारलं की विरघळतो.

उपाय सापडला तो वाचणाऱ्याच्या अंगठ्यात. वाचताना काही खटकलं, तर ते आपल्याला कळण्याआधीच नजर त्या शब्दापाशी क्षणभर रेंगाळते आणि अंगठ्याचा काचेवरचा दाब बदलतो. संशोधकांनी याला 'अडखळ' असं साधं नाव दिलं. एका माणसाच्या अडखळीला अर्थ नसतो. दूध उतू गेलं तरी माणूस अडखळतो, दाराची बेल वाजली तरी अडखळतो. पण वेगवेगळ्या शब्दांतली हजार पत्रं वाचताना हजार माणसं एकाच जागी अडखळली, तर त्या पत्रांचा सांगाडा एकच आहे आणि त्यात कुठंतरी पाणी मुरतंय, हे उघड होतं. फोन अडखळ मोजायचे आणि 'चाहूल' त्यांची बेरीज मांडायची.

काही माणसांची अडखळ इतरांपेक्षा खरी निघायची. त्यांना पारखी म्हणत. तालुक्यात असे पाच-सातच. नव्या सांगाड्याची पत्रं तालुक्यात आली की ती आधी पारख्यांपर्यंत जायची. बाकीच्यांची तोवर रोखलेली असायची. पारखी अडखळला तर लाल खूण, पत्रं तिथंच संपली. पारखी सरळ वाचत गेला तर हिरवी खूण, आणि पत्रं घरोघर सुटली. ज्याची अडखळ जास्त वेळा खरी ठरली, त्याच्या वाचनाला वजन जास्त. स्नेहलचं वजन एवढं होतं की तिच्या एकटीच्या वाचनावर खूण लागायची.

ती विमा कंपनीत दाव्यांची छाननी करायची. कुणाच्या दुकानाला आग लागली, कुणाची गाडी चोरीला गेली, यातलं खरं किती हे पाहण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. पारखी झाल्याचं पत्र आलं, तेव्हा अभिजितनं पेढे वाटले होते. "माझ्या बायकोच्या संशयाला सरकारी मान्यता मिळाली," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. लोक हसायचे. स्नेहलही हसायची. कपडे धुवायला टाकताना ती त्याचे खिसे किती निगुतीनं तपासते, हे फक्त त्या दोघांना माहीत होतं.

महिन्यातून एकदा नगर वाचनालयात ती बायकांना समजावून सांगायची. दुकान बिल दाखवायला तुमचा गुप्त क्रमांक कधी मागत नाही. पाच प्रश्नांच्या बदल्यात कुणी कुणाला काही देत नाही. मुदत आजचीच असली तर मुद्दाम उद्या वाचा. पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर अक्षर लावून वाचा. आणि फसलात तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब तक्रार करा. तुमच्या गप्प बसण्यानं पुढचा फसतो.

रविवारच्या पत्रात यातली प्रत्येक खूण होती. दुकानाच्या पत्त्यात एक अक्षर जास्तीचंही होतं. पण स्नेहल पत्र वाचतच नव्हती. ती नवऱ्याला वाचत होती. तिची नजर ओळींवरून एवढ्या वेगानं धावली की कुठं थांबलीच नाही. यंत्राला घाई आणि विश्वास यांतला फरक कळत नव्हता. रविवारी सकाळी बाकीचे पारखी अजून अंथरुणात होते.

हिरवी खूण लागली.

*

साडेनवाच्या सुमाराला फाटकाशी स्कूटर थांबली. अभिजित मागच्या सीटवरून उतरला.

"गाडी पंक्चर झाली, डोंगराखालीच," तो आत येत म्हणाला. "मीनलनं सोडलं. चहा टाकतेस? ती पण आलीय."

"दिसतंय."

मीनल पायरीवर उभी होती. चेहरा उन्हानं लाल झालेला, केसांत गवताची काडी अडकलेली. स्नेहलनं आधी तिच्या पायांकडं पाहिलं. जुन्या रबरी चपला होत्या.

"बूट कुठं गेले तुझे?"

"चिखलानं बरबटले गं. डिकीत टाकलेत. तुझी फरशी कशाला खराब करू?"

"नवे आहेत ना?"

मीनलनं अभिजितकडं पाहिलं की त्याच्या मागच्या तुळशीकडं, हे स्नेहलला नीट कळलं नाही. "नवे कसले! आगाशिव दोनदा चढलं की सगळे जुनेच."

"घ्या," अभिजित हसत म्हणाला. "आता बुटांचीही छाननी. मीनल, कागदपत्रं नसतील तर तुझा दावा फेटाळला म्हणून समज."

"तू गप रे. बायकोच्या जिवावर उड्या मारतोस."

स्नेहलनं चहात आलं किसलं. "साखर किती? की अभिजितला विचारू?"

मग मीनल म्हणाली, "एक चमचा. त्याला काय माहीत, त्याला स्वतःची आठवत नाही."

ती वीस मिनिटं बसली. डोंगरावर लावलेल्या करंजाच्या रोपांबद्दल बोलली, स्नेहलच्या गुडघ्याची चौकशी केली आणि गेली. स्नेहल खिडकीतून स्कूटरच्या बंद डिकीकडं पाहत राहिली.

"मांडणीत गेला होतास का गेल्या आठवड्यात?" तिनं कप विसळताना विचारलं.

"गेलो होतो की. बल्ब आणले, तुझं फिनेल आणलं."

"आणखी?"

"आणखी काय?"

"काही नाही."

अभिजितनं तिच्याकडं पाहिलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि आंघोळीला गेला. तो दुकानात गेला होता, एवढं तरी खरं निघालं. तिच्या मनात एकदा आलं की सरळ ईमेल त्याच्यापुढं धरावा. पण दावेदाराला पुरावा आधी दाखवायचा नसतो, ही पंधरा वर्षांची सवय होती. आधी बिल येऊ दे, तिनं ठरवलं.

*

दुपारी इंगवलेकाकू वर आल्या. खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. जिल्हा रुग्णालयात परिचारिका होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. हातात फोन आणि चष्मा, दोन्ही.

"स्नेहल, अगं जरा बघ गं बाई. खातं उघडेना. बँकेचा निरोप आलाय, मला काही समजेना."

स्नेहलनं निरोप वाचला. खात्यातलं सगळं दुपारी बाराच्या आत दुसरीकडं गेलं होतं.

"काकू, आज कुठं गुप्त क्रमांक भरलात?"

"कुठं म्हणजे? त्या मांडणीवाल्यांचं आलं होतं की. मी प्रियाच्या लग्नात कुकर दिला ना, त्याचं. 'आपल्या नातीला कुकर आवडला का?' म्हणून. म्हटलं, बघ, दुकानदाराला आठवण आहे. पोरीनं अजून एक फोन केलेला नाही." काकूंनी चष्मा पुसला. "आणि शेवटी लिहिलं होतं, नातीनं आपल्यासाठी काय निरोप ठेवलाय तो पाहायला क्रमांक घाला. मी घातला."

स्नेहलनं पत्र उघडलं. पाच प्रश्न. कुकर आणि बूट यांत काही साम्य नव्हतं, भाषाही वेगळी होती. काकूंना लिहिणाऱ्यानं अगदी काकूंसारखं लिहिलं होतं. पण हाडं तीच. बसलं का, आवडलं का, कुणासाठी, वापरलं का, आणि मग जे बघायला जीव तगमगतोय ते दाखवायचं आमिष. वरच्या कोपऱ्यात 'चाहूल'ची हिरवी खूण.

"तुम्हाला काहीच खटकलं नाही?" तिनं विचारलं.

"खटकलं की! तो निरोपाचा प्रकार खटकला. पण हिरवी खूण होती. म्हटलं, ही खूण म्हणजे आपली स्नेहल. ती डोळ्यांत तेल घालून बसलेली असताना आपण कशाला शंका घ्यायची?"

काकूंच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर सोपं झालं असतं.

स्नेहलनं आधी काकूंच्या वतीनं बँकेच्या तक्रार क्रमांकावर फोन केला, मग स्वतःच्या. दोन्ही खाती गोठवली. स्वतःच्या खात्यात काय उरलंय ते तिनं पाहिलं नाही. मग तिनं ईमेलखालचं तक्रारीचं लाल बटण दाबलं.

'या सांगाड्याला हिरवी खूण आपल्या वाचनावरून देण्यात आली आहे,' असं उत्तर आलं. 'ती मागे घेण्यासाठी, आपण का अडखळला नाही याचं कारण आपल्या शब्दांत लिहा. ते तालुका समन्वयकांनी वाचून मान्य केल्यावर पत्रं थांबतील.'

पारखी म्हणून हा नियम तिला पाठ होता. स्वतःवर तशी वेळ कधी आली नव्हती, एवढंच. कारण लागायचं ते शिक्षेसाठी नव्हे. पारखी घरातल्या गडबडीनं चुकला असेल, तर तो अपघात. 'चाहूल' तेवढ्यापुरतं वजन उतरवून पुढं जाते. पण पत्रातल्याच एखाद्या गोष्टीनं त्याला आंधळं केलं असेल, तर तीच गोष्ट दुसऱ्या तालुक्यांतल्या पारख्यांनाही आंधळं करणार, आणि त्यांना सावध करावं लागतं.

तिनं लिहिलं: 'दूध उतू गेलं.'

काकू समोर बसल्या होत्या. त्यांचा फोन मांडीवर होता आणि त्या खात्याचं पान पुन्हा पुन्हा उघडून बघत होत्या.

स्नेहलनं ते तीन शब्द खोडले. तालुका समन्वयक मीनल शेटे होती. काय लिहायचं ते तिच्या तोंडावर लिहू, असं म्हणून ती गुडघा सावरत जिना उतरली.

*

'चाहूल'चं तालुका केंद्र म्हणजे नगर वाचनालयामागची एक खोली. स्नेहल पोचली तेव्हा तक्रारीची सूचना मिळून मीनल आलेली होती. केस ओले होते. पायांत सकाळच्याच रबरी चपला.

"पत्र दाखव."

"कारण लिहिलं की पुरे ना?"

"दाखव गं. आपण बोलतोय तेवढ्यात कुणीतरी भरतंय."

स्नेहलनं फोन पुढं सरकवला. मीनल वाचत गेली आणि स्नेहल तिच्या अंगठ्याकडं पाहत राहिली.

"माप पाच," मीनल म्हणाली. फोन टेबलावर ठेवून तिनं स्वतःच्या पडद्यावरचे निरोप स्नेहलकडं वळवले. "तू एकटी नाहीस. तासगावच्या पारख्याला भावानं घेतलेल्या ट्रॅक्टरचं सर्वेक्षण आलं. भावाशी त्याचं वाटणीवरून बोलणं नाही. पाटणच्या बाईंना, सुनेनं माहेरी पाठवलेल्या साडीचं. दोघंही सरसर वाचत गेले. दोन्हीकडं हिरवी खूण."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम. संशय बॅटरीसारखा असतो. उजेड एका वेळी एकाच बाजूला पडतो. त्यांनी तुमची बॅटरी घरात वळवली आणि पाठीमागून आले. सामान्य माणसाला एवढं जपून लिहायची गरज नाही, त्याला हिरवी खूण दिसली की झालं. सगळी मेहनत त्यांनी पारख्यांवर घेतलीय."

"पण तासगावच्या माणसाचं भावाशी पटत नाही, हे त्यांना सांगितलं कुणी?"

"'चाहूल'नंच, बहुतेक. तुमच्या अडखळी साठवलेल्या असतात. कोणत्या पत्रात, कोणत्या शब्दावर, कोणत्या नावावर. त्यातलं काही बाहेर गेलंय असं वरून सांगतायत. अजून नक्की नाही."

स्नेहलनं खुर्ची ओढली. "माझी कुठल्या नावावर आहे?"

मीनलनं मान वळवली. खिडकीबाहेर तिची स्कूटर उभी होती.

"माझ्या," ती म्हणाली. "दोन वर्षं. मी वाचनालयाच्या बैठकीचा निरोप पाठवला तरी, दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या तरी, तुझा अंगठा माझ्या नावाशी थांबतो. समन्वयकाला आलेख दिसतो. मी बघणार नव्हते. एकदा दिसला, मग बघत गेले."

"आणि तरी चहाला येत राहिलीस."

"यायची थांबले असते, तर तू काय समजली असतीस?"

स्नेहलला राग आला, आणि तो नेमका कशाचा हे तिला ठरवता येईना. दोन वर्षं जे तिनं स्वतःशीही धड बोलून दाखवलं नव्हतं, ते ज्या बाईपासून लपवायचं तिलाच आलेखावर दिसत होतं. त्या बाईनं ते पाहिलं होतं, आणि वर स्वयंपाकघरात बसून एक चमचा साखर मागितली होती.

"डिकी उघडून दाखवशील?" ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता."

मीनलनं किल्ली टेबलावर ठेवली. "ही घे. जा, बघ. जांभळे नसले तर म्हणशील, घरी ठेवून आली. जांभळे असले आणि मी म्हटलं माझे मी घेतले, तर पावती मागशील. मला काही हरकत नाही, स्नेहल. फक्त तेवढ्या वेळात आणखी किती घरं जातील ते तूच ठरव. तू लिहिल्याशिवाय मला काहीही थांबवता येत नाही."

किल्लीला लाकडी कासव लावलेलं होतं. स्नेहलनं ती उचलली. मुठीत धरली. काकू अजून वर तिच्याच घरात बसल्या असतील. येताना ती त्यांना 'पाच मिनिटांत आले' म्हणाली होती.

तिनं डाव्या हातात किल्ली तशीच ठेवून उजव्या हातानं लिहिलं:

'माझ्या नवऱ्यानं दुसऱ्या बाईला बूट घेतले असं मला वाटलं. पत्र खरं की खोटं हे मी पाहिलंच नाही. ते खरं असावं असं मला वाटत होतं, म्हणजे इतकी वर्षं मी वेडी नव्हते हे ठरलं असतं.'

समन्वयकानं ते पूर्ण वाचायचं, शेवटी अंगठा लावायचा, असा नियम. मीनल वाचू लागली. स्नेहल बघत होती. शेवटच्या वाक्यावर मीनलचा अंगठा काचेपासून किंचित वर तसाच राहिला. क्षणभरच. मग टेकला.

पत्रं थांबली. तालुक्याचा नकाशा पडद्यावर एका कोपऱ्यापासून लाल होत गेला. पाठोपाठ पाटण, तासगाव.

स्नेहलनं किल्ली टेबलावर ठेवली. डिकी न उघडताच ती घरी गेली. वाटेत तिला एवढंच आठवत होतं की मीनल अडखळली होती. एका माणसाच्या अडखळीला अर्थ नसतो, हे ती स्वतःच वाचनालयात बायकांना शिकवत आली होती.

*

संध्याकाळी तिनं अभिजितला सगळं सांगितलं. लिहिलेलं कारणही वाचून दाखवलं. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला.

"मला विचारायचंस ना सरळ," तो शेवटी म्हणाला.

"विचारलं. तू फिनेल म्हणालास."

"कारण मी फिनेलच आणलं होतं!"

"मग चिडतोस कशाला?"

"चिडू नको तर काय करू? दोन वर्षं माझ्याच घरात माझ्यावर खटला चाललाय, आणि मला तो आज एका ठगाच्या पत्रामुळं कळतोय. मीनलला माहीत, यंत्राला माहीत, ठगांना माहीत. मी सोडून सगळ्यांना."

सोमवारी स्नेहलनं खऱ्या मांडणी स्टोअर्सला लिहिलं. दुकानाचं उत्तर तासाभरात आलं: हा ईमेल आमचा नाही, आम्ही असं सर्वेक्षण करत नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तिनं दुसरा प्रश्न पाठवला: अभिजित जंगम यांच्या खात्यावर गेल्या आठवड्यात महिलांच्या बुटांची खरेदी झाली आहे का? त्याचंही उत्तर आलं. खरेदीचा तपशील फक्त खातेदाराला मिळेल. त्यानं सोबतच्या अर्जावर अंगठा लावावा. अर्ज सात दिवस खुला राहील.

तिनं तो अर्ज उघडून फोन जेवणाच्या टेबलावर अभिजितपुढं ठेवला.

"पत्र खोटं होतं हे सिद्ध झालं ना?" त्यानं विचारलं.

"पत्र खोटं होतं. त्यातली माहिती खोटी होती का, हे वेगळं. काकूंनी कुकर खरंच दिला होता."

अभिजितनं ताट पुढं ढकललं. "मी अंगठा लावला तर आरोपी झालो. मग निकाल काहीही लागो."

"आणि नाही लावलास तर?"

"तर संशय तुझ्याकडं राहतो. तो तसाही तुझाच आहे."

त्या आठवड्यात पुढील गोष्टी घडल्या. बँकेनं इंगवलेकाकूंच्या खात्यातून गेलेल्या रकमेपैकी बरीचशी परत मिळवली. उरलेलीचा शोध चालू आहे. काकूंनी फोनवरची हिरवी खूण दिसण्याची सोय बंद करून घेतली. "आता माझं मीच बघते," एवढंच त्या जिन्यात भेटल्यावर म्हणाल्या. अडखळींची नोंद बाहेर कशी गेली, याची चौकशी सुरू झाली आहे. ती गेलीच नाही, पत्रं निव्वळ अंदाजानं लिहिली होती, असंही केंद्राचे काही लोक म्हणतात. तसं असेल तर फिकट जांभळा रंग आणि माप पाच हाही अंदाजच. स्नेहलचं वजन चौकशी होईपर्यंत निम्म्यावर आणलं आहे. तिच्या कारणातल्या शेवटच्या वाक्यामुळं आणखी चार तालुक्यांतल्या पारख्यांना वेळेत सावध करता आलं, असं मीनलनं तिला कळवलं. तो निरोप वाचताना आपला अंगठा थांबला की नाही, हे स्नेहलला सांगता येणार नाही. मीनलला ते दिसलं असेल.

अर्ज जेवणाच्या टेबलावरच्या फोनवर उघडा आहे. दोघंही त्याच्या शेजारी बसून जेवतात. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यावर अंगठा उमटलेला नव्हता.